मदत हवी आहे: आरटीईतून प्रवेश मिळालेल्या मुलीच्या वह्या नीट तपासल्याच जात नाहीत, तक्रारीत नेमकं काय लिहू?

शिवणकाम_घरचं:

नमस्कार. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो. मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. मिस्टर टेम्पो चालवतात. मुलगी चौथीत आहे. पहिलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के कोट्यातून (खासगी शाळेत गरीब घरच्या मुलांसाठी राखीव जागा) सोडतीत तिचा नंबर लागला आणि जवळच्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश मिळाला. शाळेचं नाव देत नाही, कृपया विचारू नका. तिला अजून तिथेच शिकायचं आहे.

तिसरीपर्यंत काहीच त्रास नव्हता. दुसरीच्या टीचर तर तिला शेजारी बसवून इंग्रजी वाचून घ्यायच्या. यंदा वर्गशिक्षिका बदलल्या. त्या मारत नाहीत, रागावत नाहीत, वाकडा शब्दही बोलत नाहीत. म्हणूनच मला लिहायला काही सापडत नाही.

मध्यंतरी गणिताची वही बघत होते. भागाकाराची उदाहरणं होती. भाजक सहा आणि बाकी उरली आठ, तरी पुढे बरोबरची खूण! पानंच्या पानं तशीच. (मी दहावी झाले आहे, एवढं मला कळतं.) तिच्या वर्गातली एक मुलगी आमच्या शेजारच्या इमारतीत राहते, ती फी भरून शिकते. तिच्या आईकडून वही मागून आणली. त्यात जिथे चुकलंय तिथे लाल गोल, बाजूला टीचरने आख्खं गणित सोडवून दाखवलेलं, खाली ‘पुन्हा कर’ असा शेरा. मग वर्गातल्या आणखी दोन आरटीईच्या मुलांच्या वह्या पाहिल्या. त्यांत माझ्या मुलीसारख्याच नुसत्या खुणा.

ओपन हाउसला मी विचारलं. टीचर म्हणाल्या, “तुमच्या घरचं वातावरण बघता ती एवढं करते तेच खूप आहे, टेन्शन घेऊ नका.” अगदी प्रेमाने म्हणाल्या. पण आमच्या घरचं वातावरण त्यांनी कधी पाहिलं? रोज संध्याकाळी मशीन बंद करून मी मुलीजवळ बसते. हाताशी ऑर्डर असली तरी बसते.

गॅदरिंगच्या नाचात तिला घेतलं नाही. ड्रेसचा खर्च आम्हाला झेपणार नाही असं त्यांनी परस्पर ठरवलं. अहो, तो ड्रेस मी स्वतः शिवला असता, सगळ्या मुलींचे शिवून दिले असते! आणि कसलाही फॉर्म आला की वर्गात “आरटीईवाले उभे राहा” असं सांगतात. आता मुलगी प्रश्नाला हात वर करत नाही. म्हणते, टीचर मला विचारतच नाहीत.

मला हे विचारायचं आहे की ज्यात मार नाही, शिवी नाही, त्याची तक्रार लिहायची कशी? आणि तक्रार केल्यावर वर्षभर तिला त्याच वर्गात बसायचंय, तेव्हा तिच्यावर राग निघणार नाही यासाठी काय करू? मिस्टर म्हणतात गप्प बस, फुकट शिकतेय ते काय कमी आहे. मला ते पटत नाही.

खडू_आणि_फळा:

ताई, मी खासगी शाळेत प्राथमिकला शिकवते, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या हातात जो पुरावा आहे तो बहुतेक पालकांकडे नसतो. रागावल्याचा पुरावा कुणाला देता येत नाही, पण चुकीच्या गणितापुढची बरोबरची खूण मुख्याध्यापिकेला नाकारता येणार नाही. त्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा, पानावरची तारीख दिसली पाहिजे. दुसऱ्या मुलीची वही मात्र तिच्या आईला विचारूनच दाखवा. नाहीतर उद्या त्या दोघींनाच अडचण व्हायची.

पहिली भेट वर्गशिक्षिकेची घ्या. भेदभाव हा शब्द तिथे काढू नका. वही उघडून समोर ठेवा आणि म्हणा, हे गणित चुकलंय, तिला ते कळलेलं नाही, पुढच्या चाचणीच्या आत तुम्ही काय करून घ्याल? शिक्षक या प्रश्नाला टाळू शकत नाही. “माझ्या मुलीकडे लक्ष द्या” असं म्हणालात तर “देतो की” एवढंच ऐकून परत याल. आठवड्याभराने वही पुन्हा बघा. फरक नसेल तर मुख्याध्यापिकेकडे लेखी द्या.

तुम्हाला ऐकायला मिळालं ते “एवढं करते तेच खूप” आमच्या स्टाफरूममध्ये मी अनेकदा ऐकलंय. बोलणाऱ्याला ती दयाच वाटते. पण त्या दयेमुळेच मुलाची चूक दुरुस्त करायची राहून जाते. रेमा हॅना आणि ली लिंडेन या अभ्यासकांनी भारतातल्या शिक्षकांकडून उत्तरपत्रिका तपासून घेतल्या होत्या. त्यांवर मुलांची जात वाटेल तशी बदलून लिहिली होती. ज्यांवर ‘खालची’ समजली जाणारी जात लिहिली, त्यांना सरासरी थोडे कमी गुण पडले. उत्तरं पाहून नव्हे, वर लिहिलेलं वाचून. हे आपल्या सगळ्यांच्या हातून होऊ शकतं, म्हणून वही पुढे करून दाखवणं भाग आहे.

आणि फुकटचं म्हणाल तर मिस्टरांना सांगा, या जागांचे पैसे शासन शाळेला देतं. गेली काही वर्षं वर्षाला प्रति विद्यार्थी १७,६७० रुपये असा दर धरला जातो. ते पैसे थकतात आणि संस्थाचालक प्रत्येक बैठकीत तेच ऐकवतात. थकबाकीची त्यांची तक्रार खरी आहे. पण ते भांडण संस्था आणि सरकारमधलं आहे, नऊ वर्षांच्या मुलीच्या वहीत ते यायचं काही कारण नाही.

कलम_बारा:

कायद्याचं तेवढं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १२ मधून तुमच्या मुलीचा प्रवेश झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. म्हणजे ही जागा कुणाच्या उपकाराची नाही.

तुम्हाला कामाची कलमं दोन. कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे. सगळ्यांसमोर “आरटीईवाले उभे राहा” हे त्यात मांडता येईल. आणि कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. शिवाय या मुलांना वर्गात वेगळं काढायचं नाही, खेळ आणि इतर उपक्रमांत डावलायचं नाही, हे केंद्राने केलेल्या नमुना नियमांतही लिहिलंय. गॅदरिंगचा मुद्दा तिथे बसतो.

लिहिताना विशेषणं टाळा. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, तुमची मागणी काय, एवढंच. “शिक्षिका पक्षपाती आहेत” या वाक्यावर वाद घालता येतो. “अमुक पानावर बाकी भाजकापेक्षा मोठी असूनही उत्तर बरोबर दिलं आहे” यावर काय वाद घालणार?

सोनचाफा_निगडी:

मी फी भरणारी पालक आहे. शेजारच्या मुलीच्या आईला बरोबर न्या. आमच्यासारख्यांनी तोंड उघडलं की शाळा लवकर ऐकते. हे चुकीचं आहे, पण सध्या तसंच आहे, तर त्याचा उपयोग करा. आमच्या पालकांच्या ग्रुपवर “त्या मुलांमुळे” अशी सुरुवात झाली की मी दिल्लीच्या शाळांवरचा गौतम राव यांचा अभ्यास सांगते: गरीब घरच्या मुलांसोबत शिकलेली सधन मुलं भेदभाव कमी करतात आणि स्वतःहून मदतीला जास्त पुढे येतात. माझ्या मुलासाठी मला हेच हवंय.

पहिला_बाक:

मी आरटीईतूनच शिकलो, आता डिप्लोमा करतोय. पाचवीत माझंही असंच झालं होतं. माझी आई दर ओपन हाउसला यायची, इंग्रजी येत नसलं तरी. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायची, “याला काय येत नाही ते सांगा.” सर हळूहळू उत्तर तयार ठेवायला लागले, आणि त्यासाठी त्यांना माझी वही बघावी लागायची.

तुमच्या मुलीला घरी प्रश्न काढायला लावा आणि रोज एक वर्गात विचारायला सांगा. उत्तर द्यायला हात वर करण्यापेक्षा प्रश्न विचारायला सोपं जातं, चुकायची भीती नसते. अजून एक: मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीच्या फीचा विचार आतापासून करा, मला तेव्हा मराठी शाळेत जावं लागलं. तिथे शिक्षक चांगले मिळाले, पण विज्ञानाचे सगळे शब्द नव्याने शिकलो.

वाटसरू_७७:

एवढा त्रास घेण्यापेक्षा महापालिकेच्या चांगल्या शाळेत घाला. मूल आनंदात राहील.

शिवणकाम_घरचं:

सगळ्यांचे खूप आभार. वाटसरू, महापालिकेच्या शाळेला मी कमी लेखत नाही, मी स्वतः तिथेच शिकले. पण मुलीच्या मैत्रिणी इथे आहेत आणि चूक तिची नाही, तर शाळा तिने का सोडायची?

खडू ताईंनी सांगितलं तसं वर्गशिक्षिकेला भेटले. वही समोर ठेवली. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या, मग म्हणाल्या, हे मी बघते. चार दिवसांनी भागाकाराची दोन पानं तपासून आली, लाल गोलांसकट. मुलगी नाराज झाली, एवढ्या चुका म्हणून! मी तिला सगळी गणितं पुन्हा सोडवायला बसवलं. बाकीच्या दोन मुलांच्या वह्या मात्र अजून तशाच आहेत, म्हणून त्यांच्या आया आणि मी मिळून मुख्याध्यापिकांना पत्र देणार आहोत. शेजारची ताईही सही करते म्हणाली. उभं करण्याचं आणि गॅदरिंगचंही त्यात लिहितोय.

एक शंका आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तर पत्र इंग्रजीतच द्यावं लागेल का?

कलम_बारा:

मुळीच नाही, मराठीत द्या. पुढे महापालिकेकडे जायची वेळ आली तर तेच पत्र जसंच्या तसं जोडता येईल. दोन प्रती न्या. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती तुमच्याकडे ठेवा. पोच द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा. चौघींच्या सह्या वेगवेगळ्या पत्रांवर नकोत, एकाच पत्रावर घ्या. आणि उत्तरासाठी मुदत लिहा, पंधरा दिवस पुरेत.