मदत हवी आहे: यॉर्कशरमधलं लिस्टेड घर आणि शेजारचा दगडी बार्न, पुढे जावं का?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये जुनं लिस्टेड घर (म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीतलं, परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत असं) घेतलेलं कोणी आहे का इथे? आम्ही यॉर्कशर डेल्समधल्या एका घरात फारच गुंतलोय. घर जॉर्जियन काळातलं (अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं), यादीत ग्रेड टू म्हणजे दुसऱ्या श्रेणीचं, आणि अंगणापलीकडे दगडी बार्न, म्हणजे खाली गोठा आणि वर वैरणीचा माळा. आत गव्हाणी अजून जशाच्या तशा आहेत. नवरा तर बघताक्षणी म्हणाला, आईबाबा आले की इथेच राहतील, पार नळ कुठे बसवायचा तेही ठरवून मोकळा.

आता घोळ सांगते. बार्नचं नाव यादीत वेगळं नाही म्हणून एजंट म्हणाला, त्याचं काहीही करा. पण मी वाचलं त्याप्रमाणे लिस्टेड घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेलं बांधकामही लिस्टेडच धरतात. शेतीच्या इमारतीचं घर करायची ती क्लास क्यू नावाच्या नियमाची सोपी वाट लिस्टेडला चालत नाही आणि नॅशनल पार्कातही नाही, आणि हे घर डेल्सच्या नॅशनल पार्कातच, म्हणजे आम्हाला दोन्हीकडून बंद. त्यात सर्व्हेयरने माळ्यावरची लेंडी चिमटीत धरली तर तिचा भुगाच झाला, उंदराची असती तर अशी चुरली नसती म्हणे, ही वटवाघळं! त्यांना कायद्याचं संरक्षण, म्हणून कामाआधी त्यांचा सर्व्हे लागतो, आणि संध्याकाळी बाहेर पडतानाचा तो सर्व्हे मे ते सप्टेंबरमध्येच होतो आणि आत्ता ऑक्टोबर संपत आलाय.

खरी भीती मात्र घराची आहे. आधीच्या मालकाने मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्यात आणि दगडांच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरलंय, परवानगीचा कागद एकही नाही. सिमेंटने काय होतं ते मी वाईला आजोबांच्या घरी बघितलंय, काकांनी चुन्याच्या भिंतीवर हौसेने सिमेंट थापलं आणि दोन पावसाळ्यांत भिंत आतून ओली. इथेही दगडाचे पापुद्रे सुटायला लागलेत. आणि अशा बिनपरवाना कामाला मुदत नसते, नोटीस आली की निस्तरायचं नव्या मालकाने.

वकीलबाई म्हणतात इन्डेम्निटी पॉलिसी (अशा बिनपरवाना कामाचा भुर्दंड पडला तर भरपाई देणारा विमा) घ्या, पण मग प्लॅनिंगवाल्यांना, म्हणजे बांधकाम परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याला, फोन करायचा नाही, केला तर पॉलिसी बाद. अहो पण बार्नबद्दल विचारायला त्यांनाच फोन करावा लागणार ना!

तर कोणी विकणाऱ्यालाच आधी परवानगी काढायला लावलीये का? की किंमत पाडून घेतली? अजून एक्सचेंज (म्हणजे खरेदीचा करार पक्का होणं) झालेलं नाही, मागे फिरता येईल, सर्व्हेचे पैसे तेवढे गेले. आणि स्किप्टनच्या आसपास चुन्याचं काम करणारा चांगला गवंडी माहीत असेल तर प्लीज व्यनि करा.