स्पुटनिक की स्पुतनिक?

रशियन लस आली तेव्हापासून डोक्यात आहे. बातम्यांत कुणी ‘स्पुटनिक’ म्हणायचं, कुणी ‘स्पुतनिक’. बरोबर काय? आणि मूळ अर्थ ‘उपग्रह’च ना?

— ‘त’. रशियनमध्ये आपला ‘ट’ नाहीच, तो इंग्रजीच्या वाटेने आला. उच्चार साधारण ‘स्पूत्निक’, जोर ‘स्पू’वर. शब्द फोडला तर ‘स’ म्हणजे सोबत, ‘पूत्’ म्हणजे वाट, आणि ‘निक’ हा करणाऱ्याचा प्रत्यय. थोडक्यात वाटेवरचा सोबती. रशियनमध्ये आयुष्याचा जोडीदारही स्पूत्निक आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्रही. 4 ऑक्टोबर 1957 ला सोडलेला पहिला उपग्रह, तो 83.6 किलोचा गोळा, त्यांच्या लेखी ‘पृथ्वीचा कृत्रिम सोबती’ होता. जगाने बाकीचे शब्द गाळले नि तेवढा सोबती उचलला.

— छान! आपल्या ‘उपग्रहा’ला मात्र उपसरपंचाची कळा आहे. ते ‘पूत्’ म्हणजे आपला ‘पथ’ का हो?

— ‘पथ’ आणि ‘पंथ’ दोन्ही. जुन्या स्लाव्ह भाषेत त्या शब्दात अनुनासिक होतं. रशियनने ते टाकलं, तिथे ‘ऊ’ उरला. पोलिशने जपलं: ‘पोंत्निक’ म्हणजे तीर्थयात्रेला निघालेला. हा शब्द आपल्या ‘पांथस्था’शेजारी ठेवून बघा, मला तर वारीच दिसते. लॅटिनमध्ये याच धातूपासून पुलाला ‘पोन्स’ म्हणतात.

— म्हणजे स्पूत्निक = सहपथिक! तिन्ही तुकडे जुळले की.

— थांबा. अर्थ म्हणून ‘सहपथिक’ झकास, पण व्युत्पत्ती म्हणून नको. मधल्या ‘पूत्’ची सोयरीक पक्की आहे. ‘स’ला ‘सह’शी आणि ‘निक’ला ‘पथिक’मधल्या ‘इक’शी नुसत्या कानावर विसंबून बांधू नये. अशाने उद्या ‘व्होदका’ म्हणजे ‘उदक’ ठरेल. (तिथे ‘व्होदा’ म्हणजे पाणी आणि ‘उदक’ हे खरोखर नात्यातले आहेत, ‘का’ मात्र रशियनचा स्वतःचा लघुत्वदर्शक प्रत्यय. बघा, फसायला किती सोपं!)

— ते रूढी झुगारणारे अमेरिकी तरुण, ‘बीटनिक’, त्यांच्या नावातलं ‘निक’ हेच का?

— हेच. 1958 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे स्तंभलेखक हर्ब केन यांनी ते ‘बीट’ पिढीच्या नावाला जोडलं. यिडिशमधून (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) हा प्रत्यय अमेरिकेत आधीच पोचला होता, स्पुतनिकने त्याला ऊत आणला. डिसेंबर 1957 मध्ये उपग्रह घेऊन निघालेलं अमेरिकेचं व्हॅनगार्ड रॉकेट उड्डाणतळावरच कोसळून पेटलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचं बारसं केलं: ‘फ्लॉपनिक’.