मदत हवी आहे: गावच्या पेठेत हॉटेलं आणायची आहेत, सुरुवात कुठून करू?

पेठेतला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव सिंधुदुर्गात, जुन्या मुंबई-गोवा रस्त्यावर. नाव लिहीत नाही, कारण खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं इथे येऊन वाचतात. हा रस्ता (तेव्हाचा १७ नंबर, आता ६६) थेट पेठेतून जायचा. रातराणी थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरायचे आणि त्यांच्यामागून अर्धी गाडी. चौपदरीकरणात रस्ता गावाबाहेरून गेला. पेठेतले अपघात थांबले, हे आधी सांगून टाकतो. हायवे गेला नि गाव मेलं असलं रडगाणं मला गायचं नाही. पण पाठोपाठ एसटीचा थांबाही फाट्यावर गेला, आणि फाटा पेठेपासून सव्वा किलोमीटर. पेठ मेली ती त्या सव्वा किलोमीटरने.

परवा मोजली. ४१ दुकानं, त्यातली १७ बंद. आमच्याकडे अजून बर्‍याच दुकानांना शटर नाही, फळ्या आहेत. प्रत्येक फळीवर रंगाने आकडा घातलेला, एकापासून अकरापर्यंत, त्याच क्रमाने खाचेत सरकवायच्या. एका दुकानाच्या सहा आणि सात उलट्या लागल्यात आणि मध्ये बोटभर फट राहिली आहे. आत डोकावलं तर संगमरवरी टेबल, वर उलटे ठेवलेले बाक आणि खटखट्या लाडवांची रिकामी बरणी. हे आमचं एके काळचं नावाजलेलं हॉटेल. (कोकणाबाहेरच्यांसाठी: हॉटेल म्हणजे चहा, भजी, उसळ-पाव. राहायची सोय नव्हे.)

आता ग्रामपंचायतीने एक समिती केली आहे. मी पंचायतीचा सदस्य नाही, पण गावचा उपद्व्यापी म्हणून मला समितीत घेतलंय. सगळ्यांचं म्हणणं एकच, की खायला चांगलं मिळालं तर माणसं हायवेवरून आत वळतील, मग किराणा, कापड, खाजा-लाडवाची दुकानंही उठतील. जिल्हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर आहे, पण पर्यटक मालवण-तारकर्लीला जातो, आमच्या पेठेत कशाला येईल?

पंचायतीच्या मालकीचे चार गाळे आहेत. सहा महिने भाडं माफ करू असं ठरलं. एक बाहेरचे हॉटेलवाले बघायला आलेही. चहा घेतला, पेठ चालून बघितली आणि तीन प्रश्न विचारले. गाड्या कुठे लावायच्या? आचारी कुठे राहणार? आणि जुलैत काय करायचं? पहिल्याचं उत्तर होतं, शाळेचं पटांगण. पुढच्या दोन्हींना आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. परत फोन नाही.

तर विचारायचंय की
- बाहेरून हॉटेलवाले आणायचे तर नक्की काय द्यावं लागतं?
- बंद दुकानांचे मालक मुंबईला. त्यांना कसं तयार करायचं?
- पेठेत एक काका अजून उसळ-पाव विकतात, वय सत्तरच्या पुढे. नवी हॉटेलं आली तर त्यांचं काय? ते माझ्याशी सध्या बोलत नाहीत, हेही सांगतो.

---

कुडाळकर

गजाल खरी असा, पण आधी गावातलो माणूस भायर जेवतलो काय ता इचार. गणपती, शिमगो, मे महिनो सोडलो तर पावसात कुत्रो सुद्धा फिरकणा नाय. चाकरमान्यांवर हॉटेल चलणा नाय.

---

तव्यावरचा

अकरा वर्षं हॉटेल चालवतोय, त्यामुळे त्या पाहुण्याचे तिन्ही प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत.

भाडं माफ केलंत म्हणून कोणी येत नाही. गावातल्या गाळ्याचं भाडं असतं किती? खर्च पगाराचा आणि वाया गेलेल्या मालाचा. बाहेरून आचारी आणला तर त्याला खोली, पाणी, महिन्याचा पगार, आणि गिर्‍हाईक नसलं तरी तो पगार चालूच. पावसाळ्यात लाईट गेली की फ्रीजमधली सुरमई-पापलेट संध्याकाळी फेकायची. म्हणजे इन्व्हर्टर नाही, जनरेटर हवा. १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर वेळेत पोचेल ना, तेही बघावं लागतं. तुमच्या पंचायतीने भाड्याऐवजी कामगारांसाठी दोन खोल्या आणि गाळ्यामागे सांडपाण्याची धड सोय दिली असती तर मी स्वतः येऊन बघितलं असतं. तेलकट पाणी पर्‍यात (ओढ्यात) सोडलं की चौथ्या महिन्यात ग्रामसभेत तक्रार येणारच.

आणखी एक. एकटं हॉटेल टाकायला कोणी धजत नाही. एका पाटीसाठी गाडी वळत नाही. तीन-चार ठिकाणं शेजारीशेजारी असली की लोक म्हणतात, चला आत काहीतरी मिळेल. म्हणून चारही गाळे एकाच वेळी द्या, पण चौघांकडे वेगवेगळं खाणं हवं. चौघेही मालवणी थाळी लावून बसले तर गणपती यायच्या आत चौघेही बंद.

---

इंदूरी_मराठी

आमच्या इंदूरचा सराफा आठवला. दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात. गराडू, जिलबी, भुट्टे का कीस, मध्यरात्र उलटून जाते. अहमदाबादच्या माणेक चौकातही साधारण तसंच.

शहराची गर्दी तुमच्याकडे नाही, मान्य. पण त्यात घेण्यासारखं एक आहे: खाणं विकायला अख्खं दुकान लागत नाही. ओटा लागतो आणि ठरलेली वेळ.

---

सातारकर_वाचक

भिलार करा की! पुस्तकांचं गाव. २०१७ ला सुरू झालं, केवढं नाव झालं.

---

पेठेतला

@सातारकर_वाचक, ही सूचना समितीतही आली होती. भिलार पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, पर्यटक आधीपासून दारावरून जात होता, स्ट्रॉबेरी होती. आमच्या दारावरून जाणाराच काढून घेतलाय.

@तव्यावरचा, खोल्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. जुनी तलाठी सजाची इमारत रिकामी आहे, विचारतो.

---

निवृत्त_तलाठी

बंद दुकानांबद्दल लिहितो. मालक मुंबईला आहेत ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे मालक किती आहेत. आजोबांच्या नावावरचं दुकान, वारस बावीस, त्यातले चौघे वारले, त्यांची मुलं पुन्हा वेगळी. भाड्याचे दोन-तीन हजार बावीस जणांत वाटून मिळणार काय, आणि सही केली तर हक्क गेला ही भीती. म्हणून फळ्या लागलेल्याच बऱ्या वाटतात.

आधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चे (घर-दुकानांच्या कर आकारणीचे) उतारे काढा आणि सतराच्या सतरा दुकानांवर कोणाची नावं आहेत ते एका वहीत लिहा. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल (स्वामित्व योजना, २०२० पासून) तर मिळकत पत्रिकाही बघा. मग जिथे नावं कमी तिथून सुरुवात करा. बावीसवाल्याच्या मागे पहिल्यांदा लागू नका, दमाल. सगळ्यांनी एकाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं, त्याने ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करायचा आणि तो नोंदवायचा. तोंडी "बस रे तू" हे अजिबात नको. गावातली निम्मी भांडणं त्या "बस रे तू"तून निघालेली मी बघितली आहेत.

आणि ही बोलणी फोनवर होत नाहीत. गणपतीत सगळे वारस एका छपराखाली असतात. आरती झाल्यावर, जेवणाआधी विषय काढा. जेवण झालं की झोपतात.

---

घावणेवाली

सगळे बाहेरून हॉटेलवाले आणायचं बोलतायत म्हणून लिहिते. मी शेजारच्या तालुक्यातली, आमचा बचत गट आहे. आम्ही नऊजणी. घावणे-चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ आम्ही शाळेच्या कार्यक्रमांना, लग्नघरी, मोजणीवाल्यांना करून देतो. आम्हाला हॉटेल नको आहे. सकाळी सात ते दहा बसायला जागा हवी, वर छप्पर आणि हात धुवायला नळ. दहानंतर आम्हाला घरी जायचं असतं, भात लावायचा असतो, पोरं असतात. कोणी आम्हाला गाळा देतो म्हणतं ते वर्षाच्या भाड्याने आणि डिपॉझिट मागून.

अन्न सुरक्षेची नोंदणी आम्ही केली आहे. वर्षाला १०० रुपये फी होती, काही अवघड नाही. पुढे मोठं करायचं कोणाच्या मनात आलं तर पीएमईजीपीमध्ये (नवा उद्योग काढायला केंद्र सरकारची कर्ज-अनुदान योजना) सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प करता येतो, ग्रामीण भागात बायकांना ३५ टक्के अनुदान. पण ते कर्ज आहे हे विसरू नका. आधी तीन तास बसून बघावं.

तुमच्या गावात अशा बायका नाहीत असं होणार नाही. समितीत बाई आहे का एकतरी?

---

पेठेतला

समितीत बाई नाही. आम्ही सात पुरुष. हे वाचून बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." आमच्या वाडीतल्या तिघी फाट्यावरच्या एका ढाब्याला रोज आंबोळ्या पुरवतात. मला पत्ता नाही.

---

कुडाळकर

😀 घे!

---

तव्यावरचा

मग पहिला प्रश्न सुटला. त्या तिघींचा माल आधीच खपतोय, फक्त चुकीच्या जागी. बाजाराच्या दिवशी एका गाळ्यात बसवा त्यांना. आणि एसटीचं बघा. दिवसातल्या दोन गाड्या तरी पेठेतून जाव्यात म्हणून ग्रामसभेचा ठराव करून आगाराला द्या. माझ्या मते तुमच्या भाडेमाफीपेक्षा ते जास्त कामाचं.

काकांचं म्हणाल तर त्यांच्या हॉटेलाला स्पर्धा नको असेल, तर त्यांच्याकडे जे मिळतं ते इतर कोणी विकायचं नाही असं ठरवून टाका. उसळ-पाव फक्त त्यांचा.

---

पेठेतला

चार दिवसांनी लिहितोय. उतारे काढले. सतरापैकी पाच दुकानांवर एक किंवा दोनच नावं आहेत. त्यातले एक गृहस्थ डोंबिवलीला असतात, फोन केला तर म्हणाले, "घ्या की, फळ्या तेवढ्या सांभाळा." नोंदणी करूनच घेणार, हे निवृत्त_तलाठी यांना सांगतो.

एसटीचा ठराव पुढच्या ग्रामसभेत आहे. आंबोळीवाल्या तिघी येत्या बाजारापासून पंचायतीच्या गाळ्यात सकाळी बसतील. भाडं दिवसाचं, रोजच्या रोज. डिपॉझिट नाही. समितीत दोघींना घेतलं, त्यांनी पहिल्याच बैठकीत नळाचा प्रश्न काढला, कारण गाळ्यांना पाण्याची जोडणीच नव्हती. आम्हा सातजणांना सहा महिने हे दिसलं नाही.

काकांकडे काल गेलो. उसळ-पाव फक्त तुमचाच, असं सांगितलं. ते भांडी विसळत होते, मान वर केली नाही. मग चहा पुढे केला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणजे काय समजायचं?

अजून एक मदत हवी आहे. रोजच्या भाड्याने तीन तासांसाठी गाळा द्यायचा, तर त्याचा साधा करारनामा कोणाकडे आहे का? ग्रामसेवक म्हणतात, असा नमुना त्यांच्याकडे नाही.

---

निवृत्त_तलाठी

आठवडी बाजाराच्या जागेची पावती फाडतात ना, तसं करता येतं का ते आधी ग्रामसेवकांना विचारा. कच्चा मजकूर मी संध्याकाळी लिहून पाठवतो. आणि काकांनी पैसे घेतले नाहीत म्हणजे बोलणं सुरू झालं. पुढच्या वेळी उसळ मागा.