८ ओहमच्या बुकशेल्फ स्पीकरना क्लास डी अॅम्प: ३२ व्होल्टचा अडॅप्टर की ४८ व्होल्टचा?

खर्जप्रेमी
नमस्कार मंडळी. हॉल १२ बाय १५ फूट, बसायची जागा स्पीकरपासून साधारण अडीच मीटर. स्पीकर ८ ओहम, संवेदनशीलता ८६ डेसिबल. सोर्स दोन: टीव्ही (केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला) आणि २ व्होल्ट आउटपुटचा डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनलॉग करणारा डबा). शिवाय एक पॉवर्ड सबवूफर आहे, त्याला लाइन इन (डॅकसारख्या सोर्सचा सिग्नल) आणि हाय लेव्हल (अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल) अशा दोन्ही सोयी आहेत.

टीपीए ३२५५ या क्लास डी (वेगाने चालू-बंद होऊन आवाज वाढवणाऱ्या) चिपचा छोटा अॅम्प घ्यायचं जवळपास ठरलंय; फोसी व्ही ३ किंवा आयीमा ए ०७ यांसारखं काहीतरी. एकच अॅम्प ३२ व्होल्ट ५ अँपिअर आणि ४८ व्होल्ट ५ अँपिअर अशा दोन अडॅप्टरसह मिळतो, किमतीत बराच फरक आहे. जाहिरातीत "३०० वॅट गुणिले २" लिहिलंय. तर:
१) हे ३०० वॅट खरे का?
२) ४८ चा अडॅप्टर घेण्यात अर्थ आहे का?
३) सबवूफर हाय लेव्हलने जोडला तर चालेल का?

सोल्डरगन
पहिल्याचं उत्तर: चिपच्या दृष्टीने खरे, तुमच्या दृष्टीने नाही. डेटाशीटमध्ये ३१५ वॅट आहेत, पण ते ४ ओहमला, ५१ व्होल्टवर आणि १० टक्के विकृतीला. १० टक्के म्हणजे लाटेचा माथा सपाट कापला गेलेला. १ टक्क्याला तीच चिप २६० देते. तुमचे स्पीकर ८ ओहमचे, त्यामुळे हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा.

हिशेब सोपा आहे. या चिपा ब्रिजमध्ये (स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट सिग्नल देऊन) चालतात, म्हणून स्पीकरवर मिळणारा शिखर व्होल्टेज जवळजवळ सप्लायइतका. व्होल्टचा वर्ग करा, ओहमच्या दुपटीने भागा.

२४ व्होल्ट: ५७६ भागिले १६ = ३६ वॅट
३२ व्होल्ट: १०२४ भागिले १६ = ६४ वॅट
४८ व्होल्ट: २३०४ भागिले १६ = १४४ वॅट

यातून नुकसानीपोटी दहा-बारा टक्के वजा करा. डब्यावर काहीही छापलेलं असो, २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर कुठलाही "३०० वॅट" अॅम्प ८ ओहमला बत्तीसच्या आसपासच देणार.

आता गरज किती ते बघा. ८६ डेसिबल हे १ वॅटला, १ मीटरवर. ३० वॅटला त्यात १५ मिळवा, १०१ झाले. अडीच मीटर अंतराचे ८ गेले, दुसऱ्या स्पीकरचे ३ आले: ९६. भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच मिळतं. फ्लॅटमध्ये ९६ डेसिबलची शिखरं आली की शेजारी बेल वाजवतात. ३२ वरून ४८ ला गेलात तर पदरात पडतात फक्त साडेतीन डेसिबल.

एक तपासा: स्पीकरवर "८६ डेसिबल, २.८३ व्होल्टला" असं लिहिलंय का? ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, काही बिघडत नाही. ४ ओहमच्या स्पीकरला मात्र तेच २ वॅट होतात आणि खरा आकडा ३ डेसिबलने खाली येतो.

गेनवाला
वरच्या हिशेबात एक गोष्ट राहिली, आणि ४८ व्होल्ट घेणाऱ्यांचे पैसे तिथेच वाया जातात. टीपीए ३२५५ चा स्वतःचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) ठरलेला आहे, २१.५ डेसिबल, म्हणजे सुमारे १२ पट. डॅकचे २ व्होल्ट गुणिले १२ म्हणजे २४ व्होल्ट आरएमएस (परिणामी व्होल्टेज, शिखराच्या साधारण ०.७ पट). ३२ व्होल्टच्या सप्लायवर कमाल आउटपुट २२.६ व्होल्ट आरएमएस, म्हणजे तुमचा डॅक तो अॅम्प पूर्ण भरतो. ४८ वर कमाल ३४ होते आणि तिथवर जायला इनपुटला २.८ व्होल्ट लागतील. इनपुटला ऑपअॅम्पचा (सिग्नल आधीच वाढवणाऱ्या छोट्या चिपचा) टप्पा नसलेला उघडा बोर्ड घेतला, तर वरचे व्होल्ट नुसते पडून राहतात. तयार डब्यांमध्ये बहुधा ऑपअॅम्पने गेन वाढवलेला असतो, पण स्पेसिफिकेशनमध्ये एकूण गेन किती ते बघूनच घ्या.

मोबाइलच्या छोट्या डाँगलचा आउटपुट १ व्होल्ट असेल तर उघड्या बोर्डवर १२ व्होल्ट, म्हणजे १८ वॅट. "अॅम्प दमदार नाही" ही तक्रार अनेकदा एवढ्यावरच असते.

टीपीए ३११६ या दुसऱ्या क्लास डी चिपच्या स्वस्त बोर्डांची रड उलटी. त्याचा गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल असा रेझिस्टरने ठरतो. ३६ ला इनपुट इंपीडन्स (इनपुटचा विद्युत अडथळा) घसरून ९ किलोओहमवर येतो आणि गाणं नसताना ट्वीटरमधून (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरमधून) सस्स ऐकू येतं. २ व्होल्टच्या डॅकला २० पुरतात.

अर्थपिन
तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, आणि जोखीम तिथेच आहे. ब्रिज आउटपुटमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. लाल आणि काळं दोन्ही चालू असतात, आणि एकेरी सप्लायच्या या चिपांमध्ये दोन्हींवर ग्राउंडच्या तुलनेत सप्लायच्या निम्मा डीसी उभा असतो. ४८ च्या अडॅप्टरवर २४ व्होल्ट. सबवूफरच्या हाय लेव्हलची काळी तार अॅम्पच्या काळ्या टर्मिनलला लावली आणि सबवूफरचं ग्राउंड आरसीएच्या (लाइन सिग्नलच्या केबलच्या) वाटेने किंवा अर्थमधून अॅम्पच्या ग्राउंडला मिळालेलं असलं, की आउटपुटचा एक पाय ग्राउंडला शॉर्ट. नशीब असेल तर प्रोटेक्शन लागतं. काळी तार आरसीएच्या बाहेरच्या कड्याला लावा असा सल्ला मिळतो, पण मग तो निम्मा डीसी सबवूफरच्या इनपुटवर येतो. तिथे आत कपॅसिटर आहे याची खात्री असेल तरच त्या वाटेला जा.

म्हणून सबवूफर लाइन इननेच जोडा. इथेही एक मेख आहे: डॅकमधून वाय केबलने फाटा काढला आणि आवाज अॅम्पच्या नॉबने कमीजास्त केला, तर सबवूफर आपल्याच पातळीवर घुमत राहतो. एक तर नॉबच्या पुढून निघणारा सब-आउट असलेला अॅम्प घ्या, नाहीतर अॅम्पचा नॉब एका जागी ठेवून आवाज डॅकमधून बदला.

जुने तीन तारांचे स्पीकर सिलेक्टर, ज्यात डाव्या-उजव्याचं निगेटिव्ह एकच असतं, तेही या अॅम्पवर चालत नाहीत.

खर्जप्रेमी
फारच उपयोगी. म्हणजे ३२ पुरेसा. दोन शंका राहिल्या. अडॅप्टरऐवजी मीन वेल कंपनीचा पॉवर सप्लाय लावला तर? आणि सध्याच्या जुन्या अॅम्पला टीव्ही जोडला की घूं असा आवाज येतो, डॅकवर येत नाही. नव्या अॅम्पने तो जाईल का?

अर्थपिन
घूं अॅम्प बदलून जात नाही. केबलवाल्याच्या कोॲक्सची जाळी कुठेतरी दूर अर्थ झालेली असते, तुमचा अॅम्प किंवा सबवूफर घरातल्या तीन पिनच्या सॉकेटवर. दोन अर्थच्या मधला प्रवाह आरसीएच्या जाळीतून वाहतो. खात्री करायला सगळं चालू ठेवून सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स काढा. घूं थांबली तर चोर सापडला. उपाय: टीव्हीचा ऑप्टिकल आउटपुट डॅकला द्या, काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज जात नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा डिजिटल आवाज) करा, नाहीतर डॉल्बी सिग्नल जातो आणि साधा डॅक मुका राहतो. तीन पिनच्या प्लगची अर्थपिन कापून घूं घालवणारे महाभाग आहेत. तसलं काही करू नका.

दोन पिनच्या अडॅप्टरवर अॅम्पच्या धातूच्या डब्याला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. तो आतल्या वाय कपॅसिटरमधून (मेन्स आणि आउटपुट यांच्या मधल्या छोट्या कपॅसिटरमधून) येणारा अगदी थोडा प्रवाह. प्रमाणित अडॅप्टर असेल तर घाबरायचं कारण नाही, पण आरसीए केबली मात्र अडॅप्टर बंद असतानाच लावा-काढा.

सोल्डरगन
मीन वेलबद्दल: एलआरएस-१५०-३६ घ्या, ३६ व्होल्ट ४.३ अँपिअर, पंखा नाही. तुम्हाला ८ ओहमला सत्तरेक वॅट मिळतील. एलआरएस-३५०-४८ मध्ये पंखा आहे, रात्री हळू आवाजात गाणं ऐकताना तो सुरू झाला की वैताग. दोन्हींच्या अंगाला ११५/२३० चा बारीक स्विच असतो. जोडायच्या आधी तो २३० वर आहे हे बघाच, चुकून ११५ वर असेल तर पहिल्याच क्षणी फट्. हे सप्लाय उघडे असतात, टर्मिनलवर थेट २३० व्होल्ट. डब्यात बंद करा आणि अर्थ तार त्या डब्यालाही जोडा. अॅम्पच्या मुख्य कपॅसिटरांवर किती व्होल्ट छापलेत तेही वाचा. ३६ ला ५० व्होल्टचे चालतात. ४८ ला ६३ चेच हवेत. बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून, ही नजर दुकानातच टाकायची.

फिल्टरराव
"क्लास डी चा ट्रेबल टोचतो" असं कुणीतरी सांगणारच, म्हणून आधीच आकडे देतो. आउटपुटला स्विचिंगचा सिग्नल गाळणारा १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा नेहमीचा फिल्टर धरा, कोपरा (जिथून वरचं गाळायला लागतो तो बिंदू) ६१ किलोहर्ट्झला. २० किलोहर्ट्झवर ८ ओहमला अर्धा डेसिबल वर, ४ ओहमला पाऊण डेसिबल खाली. ट्वीटरचा इंपीडन्स वर चढून २० ओहम झाला तर ०.९ वर. बस, एवढंच. हायपेक्स कंपनीच्या एनकोर अॅम्पमध्ये फीडबॅक (चूक सुधारायला आउटपुटमधून परत नेलेला सिग्नल) फिल्टरच्या पुढून घेतात, म्हणून तिथे लोड बदलला तरी फरक पडत नाही. टीपीए ३२५५ च्याही काही नव्या मॉडेलांत ती सोय आहे. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मी तरी मोजणार नाही. तेच स्पीकरच्या स्टँडवर घाला. केबल १.५ चौरस मिलिमीटरची पुरे, ५ मीटरला जाऊन-येऊन ०.१२ ओहम होतात.

खर्जप्रेमी
३२ व्होल्टचा सेट मागवतो. आल्यावर स्पीकर जोडायच्या आधी काय तपासू?

सोल्डरगन
इनपुट रिकामं, नॉब शून्यावर, मल्टिमीटर डीसीला. लाल ते डबा: १६ व्होल्टच्या आसपास. काळं ते डबा: तेवढेच. लाल ते काळं: ५० मिलिव्होल्टच्या आत. पहिल्या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली किंवा तिसरा व्होल्टात गेला, तर स्पीकर न लावता तसाच परत पाठवा. प्रोब घसरून लाल-काळं एकमेकांना टेकणार नाही एवढं सांभाळा.