बालकलाकार ते दिग्दर्शक: सचिन पिळगांवकर यांची वाटचाल

प्रश्न (चित्रवेडा)
बालकलाकार म्हणून गाजलेली बहुतेक मंडळी मिसरूड फुटताच पडद्यावरून नाहीशी होतात. सचिन पिळगांवकर मात्र राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये अगदी लहान वयात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि पुढे नायक, लेखक, दिग्दर्शक अशा नात्यांनी सहा दशके टिकले. ही ‘गीत गाता चल’ आणि ‘नदिया के पार’ यांच्या यशाची पुण्याई मानावी काय? ते दिग्दर्शनाकडे का वळले असावेत?

उत्तर (तिकीटखिडकी)
पुण्याई होतीच, पण तिची मर्यादाही त्याच चित्रपटांत दिसते. हे चित्रपट काढणाऱ्या राजश्री या निर्मितीसंस्थेच्या साध्यासुध्या, घरगुती कथांत त्यांचा निरागस चेहरा शोभला. मोठ्या बॅनरच्या चित्रपटांत मात्र ते ‘शोले’मधला इमामसाहेबांचा अहमद किंवा ‘सत्ते पे सत्ता’मधल्या सात भावांपैकी एक एवढेच राहिले. ‘नदिया के पार’ १९८२ साली आला आणि त्याच वर्षी ‘माय बाप’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला मराठी चित्रपटही आला. म्हणजे नायक म्हणून मागणी आटल्यावर शोधलेली ही पळवाट नव्हती. ऐन भरात, पंचविशीत घेतलेला तो निर्णय होता.

उत्तर (पिटातला प्रेक्षक)
मला यात बालपणीच्या उमेदवारीचा वाटा अधिक दिसतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘मझली दीदी’त (१९६७) सचिन बालकलाकार होते आणि ज्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) बेतलेला आहे, तोही मुखर्जी यांचाच. ‘बनवाबनवी’त दिग्दर्शकाने स्वतःकडे काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या सुधीरने बाईचे सोंग घेऊन उभी केलेली सुधा नेटकी आणि लाजरी आहे. तशाच सोंगातली, हशा पिकवणारी पार्वती त्यांनी लक्ष्मीकांत बेर्डे यांना दिली आणि सगळ्या थापांची सूत्रे अशोक सराफ यांच्या धनंजय मानेच्या हाती ठेवली. डोहाळजेवणाच्या प्रसंगात सगळा भाव पार्वती खाऊन जाते आणि दिग्दर्शक आनंदाने तो खाऊ देतो. नायकपदाची हौस असलेल्या नटाला हे सहसा जमत नाही.

उत्तर (तिकीटखिडकी)
मान्य, मात्र ‘बनवाबनवी’चे श्रेय वाटताना वसंत सबनीसांना विसरू नये. संवादांची ती फेक त्यांच्या लेखणीतून आली आहे आणि दिग्दर्शकाचे कसब ती अचूक वेळेवर टिपण्यात आहे. ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीत नाना तऱ्हेचे प्रवासी आणि अशोक सराफ यांचा कंडक्टर कोंबून त्यांनी तेच तंत्र पुन्हा वापरले. काही विनोद ताणलेले आहेत, तरी गाडी रेंगाळत नाही.

उत्तर (पडद्यामागे)
नट म्हणून त्यांची खरी कसोटी मला ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (२०१५) लागलेली दिसते. इथे दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते आणि रंगभूमीवर वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केलेली खाँसाहेब या गवयाची भूमिका सचिन यांच्या वाट्याला आली. गळा राहुल देशपांडे यांचा असल्यामुळे ईर्षा, अपमान आणि अहंकार केवळ डोळ्यांतून आणि देहबोलीतून दाखवायचा होता. ज्या गोड चेहऱ्यामुळे हिंदीत त्यांच्या भूमिका ठरून गेल्या होत्या, तो चेहरा तिथे शोधूनही सापडत नाही.