दुसरा पनामा : निकाराग्वाचा कालवा परक्या पैशातून व्हावा का?

बोटवाला_कोथरूड

तीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची काही चीफ इंजिनिअर म्हणून. पनामा कालव्यातून चारदा गेलोय. तेव्हा आधीच सांगतो, मी कालव्यांच्या बाजूचा माणूस आहे, तटस्थ वगैरे नाही.

विषय निकाराग्वाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जून २०१३ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून हाँगकाँगच्या एचकेएनडी या कंपनीला कॅरिबियनपासून पॅसिफिकपर्यंत कालवा खणायचा आणि चालवायचा ५० वर्षांचा परवाना दिला. पुढे आणखी ५० वर्षं वाढवण्याची सोय होतीच. मालक वांग जिंग, चीनमधला टेलिकॉमवाला. लांबी सुमारे २७८ किमी, म्हणजे पनामाच्या तिपटीहून जास्त. खर्चाचा अंदाज ५० अब्ज डॉलर. डिसेंबर २०१४ मध्ये नारळ फुटला (तिकडे जे काही फोडतात ते). २०१५ मध्ये चिनी शेअर बाजार कोसळला, वांगसाहेबांची बहुतेक संपत्ती त्यात गेली आणि कालवा कागदावरच राहिला. मे २०२४ मध्ये संसदेने परवाना रद्द केला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यक्ष ओर्तेगांनी चिनी गुंतवणूकदारांपुढे नवा नकाशा पसरला : ब्लूफिल्ड्स ते कोरिंतो, ४४५ किमी.

माझं म्हणणं, कालवा व्हावा आणि पैसा ज्याच्याकडे आहे त्याचा घ्यावा. २०२३ च्या दुष्काळात पनामाने रोजच्या ३६ जहाजांवरून संख्या २४ च्या आसपास आणली, तेव्हा दोन्ही टोकांना बोटी आठवडेच्या आठवडे नांगर टाकून होत्या. एकाच गल्लीवर जगाचा व्यापार अवलंबून असणं बरं नाही. पनामाला कालव्यातून वर्षाला ५ अब्ज डॉलरच्या घरात उत्पन्न मिळतं. शेजारच्या गरीब देशाने तसं स्वप्न पाहिलं तर आपण नाकं का मुरडायची? परका पैसा म्हटला की आपल्याला लगेच ईस्ट इंडिया कंपनी आठवते. आणि पहिल्या खेपेला तर काही खणलंच नाही, कंपनी बुडाली. देशाचं काय गेलं?

पेठेतला

काका, आमच्याकडे गल्लीतला ड्रेनेजचा खड्डा आठ महिने उघडा आहे. ४४५ किमी वाचून भोवळ आली.

पाटकरी

पाटबंधाऱ्यात नोकरी झाली, म्हणून पाण्याचं बोलतो. पनामाचा कालवा म्हणजे समुद्राला समुद्र जोडणारी चर नव्हे. मध्ये गाटून नावाचं तलाव आहे, समुद्रापासून साधारण २६ मीटर उंच. जहाज लॉकमध्ये, म्हणजे दारं लावून पाणी भरायच्या-सोडायच्या हौदात, चढवायचं, तलावातून न्यायचं, पलीकडे उतरवायचं. ही चढ-उतर होते गोड्या पाण्यावर आणि ते पाणी शेवटी समुद्रात जातं. जुन्या लॉकमध्ये एका जहाजामागे सुमारे १९ कोटी लिटर.

आता हिशोब आपल्या मापात. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. रोज ३६ जहाजं धरली तर चार दिवसांत एक टीएमसी गेलं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून आपली साठवण २९ टीएमसी. ही चारही धरणं काठोकाठ भरलेली पनामाला दिली तर चार महिने पुरतील. वरून पाऊस नाही धरला तर. दरवर्षी कालवा समितीच्या बैठकीत शहर आणि दौंड-इंदापूर अर्ध्या टीएमसीवरून भांडतात हे लक्षात घ्या.

निकाराग्वाच्या जुन्या आराखड्यात १०५ किमीचा टप्पा कोसिबोल्का सरोवरातून जायचा. क्षेत्रफळ ८,००० चौरस किमीहून जास्त, पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं. पण उथळ, सरासरी खोली १५ मीटरच्याही आत. मोठ्या जहाजांसाठी तळ उपसून जवळपास दुप्पट खोल करायचा, गाळ ढवळायचा आणि तेच पाणी लोकांनी प्यायचं. नवा मार्ग हे सरोवर टाळतो, मग लॉक भरायचे कशाने, ते विचारा.

बोटवाला_कोथरूड

@पाटकरी, हिशोब झकास, पण अर्धा. २०१६ ला पनामाने जे नवे मोठे लॉक उघडले त्यांच्या बाजूला हौद आहेत, साठ टक्के पाणी फिरवून वापरतात. तंत्र जिथल्या तिथे थांबलेलं नाही. आणि २०२३ ला पाणी कमी पडलं म्हणून पनामावाले हात जोडून बसले नाहीत, रिओ इंदिओवर नवं धरण काढायच्या मागे आहेत.

पाटकरी

त्या धरणात गावं बुडणार आहेत आणि तिथलेही लोक मोर्चे काढतायत, तेही लिहा.

चाकण_एक्स्पोर्ट

आपल्याला याचं काय, हे कुणी बोलेल का? मी गाड्यांचे सुटे भाग बाहेर पाठवतो. माझा कंटेनर न्हावाशेवाहून युरोपला किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जातो तो सुएझमधून. पनामा-निकाराग्वा माझ्या रस्त्यावरच नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला आणि माझ्या मालाला दहा-बारा दिवस जास्त लागायला लागले. भाडं किती वाढलं ते विचारू नका, गिऱ्हाईक ऐकून घेत नव्हतं.

तरी मी बोटवाले काकांच्या बाजूने. जगात कुठेही एक रस्ता वाढला की बोटी मोकळ्या होतात आणि भाडं उतरतं. चिनी पैसा असेना का. माझ्या शॉपमधल्या निम्म्या मशिनी चिनी आहेत, अजून एकीने मला गुलाम केलेलं नाही.

दाभोळचा_धडा

मशीन विकत घेणं आणि करारात अडकणं यात फरक आहे, साहेब. एन्रॉन विसरलात? वीज मंडळाने डॉलरशी बांधलेल्या दराने वीज घ्यायचं कबूल केलं होतं. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, फेरवाटाघाटी केल्या आणि प्रकल्प पुन्हा आणला, आणखी मोठा. २००१ मध्ये तो बंद पडला, वर्षाअखेर अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. गुहागरच्या किनाऱ्यावर एवढं धूड नुसतं उभं.

निकाराग्वाला कंपनी काय देणार होती? पहिली दहा वर्षं वर्षाला एक कोटी डॉलर आणि दरवर्षी एक टक्का मालकी. म्हणजे निम्म्याहून जास्त मालकी यायला अर्धं शतक. शिवाय कालव्याशी जोडलेली बंदरं, विमानतळ, रस्ते हे सगळं परवान्यात. आपण भाडेकरूलासुद्धा अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करतो हो.

बोटवाला_कोथरूड

एन्रॉनचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्या बाजूचं आहे. कंपनी गेली, पण प्रकल्प उचलून ह्यूस्टनला नेता आला का? नंतर आपल्याच सरकारी कंपन्यांनी तो ताब्यात घेऊन चालवला. सुएझ १८६९ मध्ये फ्रेंचांच्या कंपनीने खणला, १९५६ मध्ये इजिप्तच्या नासेरनी राष्ट्रीयीकरण केलं. पनामा अमेरिकेने १९१४ ला सुरू केला, ३१ डिसेंबर १९९९ ला तो पनामाचा झाला. जमिनीत खणलेली गोष्ट जमीनवाल्याकडेच राहते. पैसेवाला आज ना उद्या जातो.

दाभोळचा_धडा

सुएझला ८७ वर्षं आणि पनामाला ८५ वर्षं. "आज ना उद्या" म्हणजे तुमच्या हिशोबात एवढं?

मधल्या काळाचंही सांगा की. १८७५ मध्ये कर्जात बुडालेल्या खेदिव (तिथला राज्यकर्ता) इस्माईलने इजिप्तचे सुएझमधले शेअर ब्रिटनला ४० लाख पौंडांना विकले आणि सात वर्षांत इंग्रजी फौज इजिप्तमध्ये उतरली. पनामाचं तर विचारूच नका. ३ नोव्हेंबर १९०३ ला देश स्वतंत्र झाला आणि १८ नोव्हेंबरला त्याच्या वतीने कालव्याच्या करारावर सही केली ती ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाने. दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा! पनामाची माणसं बोटीतून वॉशिंग्टनला पोचेपर्यंत सही वाळली होती.

तिकीटजमा

अरे वा, ब्युनो-व्हारिया! हा गृहस्थ आमच्या टपाल तिकिटांच्या जगात मोठा माणूस आहे. विषयांतराबद्दल माफी, पण ऐकाच.

१९०२ मध्ये अमेरिकेत वाद होता, कालवा निकाराग्वातून न्यायचा की पनामातून. निकाराग्वाचं पारडं बराच काळ जड होतं. ब्युनो-व्हारिया पनामाच्या जुन्या फ्रेंच कंपनीशी संबंधित, तिचे हक्क अमेरिकेने विकत घ्यावेत म्हणून खटपट करणारा. मे महिन्यात मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखी फुटला, सें-पिएर हे शहरच्या शहर गेलं. या पठ्ठ्याने काय केलं, निकाराग्वाचं मोमोतोम्बो ज्वालामुखीचं चित्र असलेलं तिकीट शोधलं, वॉशिंग्टनच्या दुकानांतून ती गोळा केली आणि सिनेटरांना एकेक पाठवून दिलं. म्हणजे बघा, ज्या देशाच्या तिकिटावरच धूर निघतोय तिथे कालवा काढणार? जूनमध्ये सिनेटने पनामाला कौल दिला. एकट्या तिकिटाने मत फिरलं असं नाही, पण तेव्हापासून निकाराग्वा वाट बघतोय.

पेठेतला

एवढ्याशा तिकिटावर कालवा गेला. आणि आमच्याकडे रजिस्टर्ड पत्र गेलं तरी कुणी उघडत नाही.

मुळशीचा_नातू

एक वेगळा मुद्दा. तुम्ही सगळे "परका पैसा" या शब्दावर अडलाय. मुळशीला पैसा परका नव्हता. टाटांचा होता, स्वदेशी. १९२१ ला सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला तो धरणाच्या विरोधात, आणि पुण्यातले पुढारीही सुरुवातीला बरोबर होते. पण मावळातल्या बऱ्याच जमिनींचे सावकार पुण्यात राहायचे. मोबदल्याचं बोलणं सुरू झालं तशी त्यांची धार गेली. कसणारे मावळे मागे राहिले, वीज मुंबईला गेली.

निकाराग्वातही कालवा पाहिजे म्हणणारे राजधानी मानाग्वात होते आणि मोर्चे काढणारे कालव्याच्या मार्गावरच्या खेड्यांतले शेतकरी. फ्रान्सिस्का रामिरेझ ही शेतकरी बाई त्यांची पुढारी, पुढे तिला देश सोडून कोस्टा रिकात जावं लागलं. पैशाचा पासपोर्ट कुठलाही असो, मोबदल्याचं टेबल कोण मांडतो ते बघा.

चाकण_एक्स्पोर्ट

दादा, मग धरण नको, कालवा नको, विमानतळ नको. ज्या विजेवर हे टाइप केलंत ती कुठून आली? मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. आमची जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशातून माझं वर्कशॉप उभं राहिलं. सगळेच रडत नसतात.

सुमनताई_खेड

पहिल्यांदाच लिहिते आहे. चाकणचे दादा म्हणतात ते खरं आहे, सगळे रडत नाहीत. ज्यांची जमीन गेली आणि पैसे आले त्यातले बरेच जण मार्गाला लागले. मला बोटवाल्या काकांच्या एका वाक्यावर बोलायचंय : काही खणलंच नाही, मग गेलं काय?

आमच्याकडे धरण झालं. आमचं गाव बुडालं नाही, आम्ही खालच्या अंगाला, लाभक्षेत्रात. म्हणजे कालवा येणार, पाणी मिळणार, म्हणून वरच्या बुडालेल्या गावांसाठी आमच्या जमिनीतला हिस्सा द्यायचा. न्याय्य आहे, वडिलांनाही पटलं होतं. सातबाऱ्यावर इतर हक्कात शिक्का पडला, "पुनर्वसनासाठी राखीव". विक्री नाही, खातेफोड नाही. कालवा येईपर्यंत थांबा म्हणाले. कालवा आला नाही काका. शिक्का मात्र राहिला. वडील आणि चुलते यांची वाटणी तोंडी झाली होती, कागदावर करता येईना. एका कार्यालयात वडील किती वर्षं जात होते ते मी मोजलेलं नाही, त्यांची एसटीच्या पासाची पाकिटं आईने जपून ठेवली होती. शेवटी शिक्का निघाला तेव्हा चुलत भावांनी तोंडी वाटणी मानायला नकार दिला. रस्त्याकडची बाजू कुणाची, यावर आजही दावा चालू आहे.

निकाराग्वाच्या त्या कायद्यात जमिनीची किंमत सरकारी नोंदीतली किंवा बाजारातली, यातली जी कमी असेल ती द्यायची असं होतं. आपल्या भाषेत रेडी रेकनर आणि बाजारभाव यातलं जे कमी ते. त्याच २०१३ साली आपल्याकडे ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदल्याचा कायदा झाला. आणि तो परवाना २०२४ पर्यंत जिवंत होता. अकरा वर्षं त्या नकाशावरच्या रेषेतली जमीन कोण विकत घेणार, कोण त्यावर पक्कं घर बांधणार? पुरंदरला पारगाव, वनपुरी, कुंभारवळणच्या लोकांना विचारा, २०१६ पासून विमानतळाची रेषा त्यांच्या शेतातून जाते आहे.

मी कालव्याच्या विरोधात नाही. आम्हाला तर कालवा हवाच होता.

पाटकरी

ताई, असे शिक्के आमच्याच खात्याच्या याद्यांवरून पडायचे. कालव्याचा निधी थांबला की यादी परत कुणी उघडत नसे. मी त्या टेबलावर नव्हतो, पण शेजारच्या टेबलावर होतो.

बोटवाला_कोथरूड

सुमनताई, "देशाचं काय गेलं" हे मी मागे घेतो. बोटीवरून कालव्याच्या दोन्ही बाजूंना नुसती झाडी दिसते, तिथे कुणाची सातबाऱ्याची भानगड असेल हे मनात येत नाही.

दुसरा कालवा हवा या मतावर मात्र मी आहे. पण परवाना देताना त्यात तारीख घालावी. इतक्या वर्षांत पहिला लॉक नाही उभा राहिला तर रेषा आपोआप पुसली जाईल, पुन्हा संसदेत जायला नको. @दाभोळचा_धडा, तुमच्या अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटसारखं समजा.

दाभोळचा_धडा

पाच वर्षं. त्याहून एक दिवस जास्त नाही. आणि तोवर अडकलेल्या जमिनीचं भाडं कंपनीने द्यायचं, बाजारभावाने.

चाकण_एक्स्पोर्ट

जमिनीचं भाडं म्हटलं की एकही गुंतवणूकदार फिरकणार नाही. लिहून घ्या.

मुळशीचा_नातू

नाही फिरकला तर नाही.

तिकीटजमा

कुणाकडे ते मोमोतोम्बोचं तिकीट आहे का? १९०० सालचं, डोंगर, पायथ्याशी रेल्वे आणि धक्का. माझ्याकडे निकाराग्वाची सहा आहेत, नेमकं तेच नाही. बदल्यात पनामाची चांगली देईन. रविवारी सकाळी डेक्कनला भेटता येईल.