आकृतीत अपकेंद्री बल काढले, तर शून्य गुण द्यावेत का?

लंबक :
‘अपकेंद्री बल, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला केंद्रापासून बाहेर ढकलणारे बल, असे काही अस्तित्वातच नाही, विद्यार्थ्याने ते आकृतीत काढले, तर पुढची आकडेमोड न पाहता शून्य गुण द्यावेत,’ असे मत एका शिक्षिकेने येथे मांडले आहे. ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या चुकीसाठी हे शून्य दिले जाते, तिच्याहून मोठी चूक फळ्यावर रोज होते. वळणावरच्या गाडीची आकृती काढताना वजन, अभिलंब बल (रस्त्याने गाडीला वर दिलेला आधार) आणि घर्षण दाखवून झाले, की केंद्राकडे आणखी एक बाण काढला जातो आणि त्याला ‘अभिकेंद्री बल’ म्हटले जाते. हे चौथे बल गाडीवर कोण लावते? रस्त्याला जे लावायचे ते त्याने घर्षणाच्या रूपाने आधीच लावलेले असते. अभिकेंद्री हे कोणत्याही वेगळ्या बलाचे नाव नाही. ती एक भूमिका आहे. गोफणीत ती दोरीचा ताण पार पाडतो, चंद्रासाठी गुरुत्वाकर्षण आणि गाडीसाठी घर्षण.

१००० किलोची गाडी ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर तिचे केंद्राकडचे त्वरण (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) २ मी/से² आणि लागणारे बल २००० न्यूटन. वेग दुप्पट केला की त्वरण ८ मी/से² होते. घर्षणांक, म्हणजे रस्त्याच्या पकडीचे माप, ०.८ असेल, तर रस्ता जास्तीत जास्त ७.८४ मी/से² एवढेच त्वरण देऊ शकतो आणि गाडी घसरते. चौथा बाण काढणाऱ्या विद्यार्थ्याला ती का घसरली हे कधीच सांगता येणार नाही, कारण त्याच्या हिशेबात बल कमी पडतच नाही.

स्पर्शिका :
ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासते आहे. विद्यार्थी आत एक बाण काढतात, बाहेर तेवढाच दुसरा काढतात आणि ‘दोन्ही समान, म्हणून वस्तू वर्तुळात फिरते’ असे लिहून मोकळे होतात. दोन्ही बले समान असतील, तर निव्वळ बल शून्य होते आणि वस्तू सरळ रेषेत जायला हवी. ज्याला न्यूटनचा पहिला नियमच कळलेला नाही, त्याची पुढची आकडेमोड मी कशासाठी तपासावी? चौथ्या बाणाबद्दल म्हणाल, तर मुद्दा बरोबर आहे. पण तो माझ्या मुद्द्याचे उत्तर नाही.

भोवरा :
मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. जे बल ‘अस्तित्वातच नाही’, त्यावर माझे पोट चालते. आमच्याकडे जुन्या सेंट्रिफ्यूजच्या (रक्ताच्या नळ्या वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्राच्या) जागी नवा आला, तेव्हा वरिष्ठांनी ‘नेहमीप्रमाणे ३००० फेरे ठेवा’ असे सांगितले. जुन्याची त्रिज्या १० सेंटीमीटर होती, नव्याची १५. मिनिटाला तेवढेच फेरे ठेवले, तरी त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १००० पटींवरून १५०० पटींवर गेले. त्या दिवशीच्या नळ्या बिघडल्या आणि बोलणी मी खाल्ली. मुलांना बाणाची दिशा शिकवण्यापेक्षा आधी मिनिटाच्या फेऱ्यांचे रेडियनमध्ये रूपांतर करून त्या संख्येचा वर्ग करायला शिकवा.

स्पर्शिका :
तुमच्या नळ्या बिघडल्या याचे वाईट वाटते, पण त्यातून अपकेंद्री बल सिद्ध होत नाही. जमिनीवर उभे राहून पाहिले, तर नळीचा तळ द्रवाला केंद्राकडे ढकलतो आणि जड कणांना वळवण्यास सभोवतालचा द्रव पुरेसा पडत नाही, म्हणून ते तळाकडे सरकतात. बाहेर ओढणारे कोणीही नाही.

भोवरा :
मी नळीसोबत फिरणाऱ्या चौकटीतून, म्हणजे नळीबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून, हिशेब करतो. तेथे कण स्थिर मानले, की बाहेरच्या दिशेचे छद्मबल (कोणी न लावलेले, केवळ चौकट फिरते म्हणून हिशेबात घ्यावे लागणारे बल) धरावेच लागते, आणि उत्तर तेच येते. ‘अस्तित्वात नाही’ असे ठणकावून सांगण्यापेक्षा ‘कोणत्या चौकटीत’ असे विचारणे अधिक प्रामाणिक नाही का? शिवाय ही संज्ञा कोणा अडाण्याची नाही. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने या बलाचे गणित १६५९ मध्ये मांडले. न्यूटनची ‘अभिकेंद्री’ ही संज्ञा १६८७ च्या ग्रंथातून पुढे आली.

लंबक :
इतिहासात कोण आधी, यावरून आकृती बरोबर ठरत नाही. तरी चौकटीचा मुद्दा मला मान्य करावा लागतो.

आरा :
या वादात माझ्यासारख्याचे काय होते ते ऐका. उभ्या वर्तुळात फिरवताना वर उलट्या झालेल्या बादलीतले पाणी का सांडत नाही, या प्रश्नावर मला शाळेत ‘अपकेंद्री बल वजनाला तोलून धरते’ असे उत्तर मिळाले आणि मी ते कित्येक वर्षे खरे मानले. एक मीटर त्रिज्येवर वरच्या टोकाला वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर खालच्या दिशेने १६ मी/से² त्वरण लागते. वजन त्यातले ९.८ पुरवते, उरलेले ६.२ बादलीचा तळ पाण्याला खाली ढकलून पुरवतो. तोलून धरण्याचा प्रश्नच नाही, दोन्ही बले एकाच दिशेने आहेत! हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही. मला शून्य गुण कोणी दिलेच नव्हते. पूर्ण गुण मिळाले होते, आणि राग त्याचाच आहे.

स्पर्शिका :
ही हकिगत माझ्याच बाजूची आहे, हे लक्षात घ्यावे. तरी एवढे मान्य करते : ज्याने आकृतीशेजारी ‘फिरत्या चौकटीतून’ असे स्पष्ट लिहिले असेल आणि ती चौकट शेवटपर्यंत सोडली नसेल, त्याचे गुण मी कापणार नाही. न लिहिता बाहेरचा बाण काढणाऱ्याचे मात्र कापणारच. आणि चौथा बाण माझ्या टिपणवहीत खरोखरच होता. तो मी आज खोडला.